पाणी नेमकं कुठं मुरतंय? गळक्या छताची तपासणी

मृगाच्या दोन-तीन चांगल्या सरी झाल्या की लातुरातून आणि आसपासच्या गावांतून फोन सुरू होतात. शब्द दरवर्षी तेच असतात: "दादा, स्लॅब गळतोय, तेवढं केमिकल मारून द्या." मी बरीच वर्षं हेच काम करतोय. कितीतरी घरांत केमिकलची गरजच नसते. कुठं पन्हाळात कडुलिंबाचा पाला अडकलेला असतो, कुठं टाकी भरली की पाणी बंद करणारा बॉल कॉक गेलेला असतो. पण छताला डाग दिसला की माणूस डागावरच इलाज करतो. खालून पुट्टी, वर रंगाचे दोन हात. पुढच्या पावसाळ्यात डाग परत येतो आणि तोवर आत सळईला गंज धरलेला असतो. म्हणून घरच्या माणसाला स्वतः करता येईल अशी तपासणी इथं लिहितोय. आधी फुकटातली, मग थोड्या खर्चाची. कुठं हात आखडता घ्यायचा तेही सांगतो.

छत काय सांगतंय

पिवळट-तपकिरी डाग आणि त्याची कड जास्त गडद, ही सगळ्यात ओळखीची खूण. एका डागात एकात एक दोन-तीन कडी दिसली तर पाणी एकदाच आलेलं नाही. आलं, वाळलं, परत आलं. हात लावून बघा. गार आणि दमट लागलं तर वाट अजून चालू आहे. कोरडं लागलं तर डाग जुना असू शकतो, त्यासाठी लगेच खर्च करू नका.

रंगाला फुगे येणं, पोपडे सुटणं ही पुढची पायरी. त्यासोबत पांढरा खार फुटतो. पाणी काँक्रीटमधून झिरपताना त्यातला चुना विरघळवून आणतं, वाळलं की चुना मागे राहतो. म्हणजे पाणी स्लॅबच्या आरपार येतंय याचा तो पुरावाच. लोक तो फडक्याने पुसून वर रंग देतात. तसं करू नका, निदान एक फोटो तरी काढून ठेवा.

कोपऱ्यात काळे ठिपके, कपाटामागे कुबट वास, गादीला दमट वास, ही बुरशी. घरात दमेकरी माणूस किंवा लहान मूल असेल तर ही खूण डागापेक्षा गंभीर समजा.

पंख्याच्या हुकातून थेंब पडतो तेव्हा लोक हुकाच्या बरोबर वर गच्ची फोडायला निघतात. स्लॅब भरताना त्यात विजेच्या वायरींसाठी पाइप टाकलेले असतात. पाणी दहा-बारा फूट लांब भेगेतून आत शिरतं, त्या पाइपातून वाहत येतं आणि पंख्यापाशी मोकळी जागा मिळाली की बाहेर पडतं. थेंब एकीकडे, भेग दुसरीकडे.

आणि शेवटची खूण: छताला सरळ रेषेत तांबूस पट्टा, त्यालगत बारीक भेग. तिथं सळई गंजतेय. ही खूण दिसली तर मधली सगळी तपासणी सोडून थेट शेवटचा भाग वाचा.

आधी वीज

पंखा, ट्यूब किंवा बोर्डाजवळ ओल असेल तर आधी त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे मीटरच्या पेटीतला खटका, पाडा. कुठला ते कळत नसेल तर मेन स्विचच बंद करा. ओल्या फरशीवर उभं राहून बोर्डाला हात लावू नका. कुणी म्हणेल, "नुसता थेंब आहे, काय होतंय?" पण वायरीचा पाइप पाण्याने भरलेला असताना सांधा कुठं उघडा आहे हे खालून दिसत नाही. इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय तो पंखा लावायचा नाही, कितीही उकडलं तरी.

पीओपीचं छत असेल आणि ते पोट सुटल्यासारखं खाली आलं असेल तर वर पाणी साठलंय. वीज बंद करून, सामान हलवून, बाजूला उभं राहून फुगवट्याला बारीक भोक पाडा आणि खाली बादली धरा. नाहीतर तो सगळा तुकडा एकदम खाली येतो.

पेन्सिल आणि कॅलेंडर

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित तपासणी हीच. डागाच्या कडेने पेन्सिलची रेघ मारा, शेजारी तारीख लिहा. दर दोन-तीन दिवसांनी बघा. डाग रेघेबाहेर गेला की त्या दिवशी काय काय झालं होतं ते आठवा. पाऊस झाला होता का? नळाला पाणी आलं होतं का? वर कूलर चालू होता का? वरच्या बाथरूममध्ये धुणं झालं होतं का?

मराठवाड्यात नळाचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. आपल्याकडच्या बऱ्याच शहरांत पाणी रोज येत नाही, मध्ये कित्येक दिवस जातात. आलं की मोटर लावून सगळ्या टाक्या काठोकाठ भरायच्या. म्हणजे टाकीची गळती, ओव्हरफ्लो, पाइपचा सैल सांधा हे सगळं त्या एका दिवशीच उघडं पडतं, बाकीचे दिवस छत गप्प असतं.

औसा रोडला एका घरी ऐन मे महिन्यात स्वयंपाकघराचं छत ओलं होत होतं. माझ्या आधी कुणीतरी अख्ख्या गच्चीला कोटिंग मारून पैसे घेऊन गेलं होतं, डाग जागच्या जागी. मी घरातल्या आजींना विचारलं, "आजी, डाग कधी वाढतोय?" त्या म्हणाल्या, "नळ येतोय त्या दिवशी, दुसरं काय." इतके दिवस त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. जिन्यावरच्या टाकीचा ओव्हरफ्लो पाइप भिंतीलगत सुटला होता, पाणी भिंतीच्या कडेने स्लॅबच्या सांध्यात उतरत होतं. बॉल कॉक बदलला, ओव्हरफ्लोचा पाइप गच्चीबाहेर काढला, काम झालं. दिवसभर घरात असणाऱ्या माणसाला आधी विचारा. डाग त्यांनी जितका पाहिलेला असतो तितका आपण पाहिलेला नसतो.

झाडू घेऊन गच्चीवर

डाग पावसालाच वाढत असेल तर गच्चीवर जा. पहिलं काम पन्हाळ मोकळं करणं. पाला, पतंगाचा कागद, कबुतराची काड्यांची घरटी, उन्हाळ्यात वाळवणाला घातलेल्या जुन्या साडीची चिंधी, काय काय निघतं! आपल्याकडे पाऊस कोकणासारखा रोज नसतो, पण येतो तेव्हा झोडपून येतो. पन्हाळ तुंबलं की तासाभरात गच्चीचं तळं होतं. काँक्रीट वाहत्या पाण्याला बराच वेळ दाद देत नाही, साचलेल्या पाण्याला देतं. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत कधी न गळालेली घरं गळाली, त्यातल्या अनेक गच्च्यांवर मी घोट्याएवढं पाणी पाहिलं.

पाऊस थांबल्यावर तासाभराने परत वर जा आणि जिथं डबकं उरलंय तिथं खडूने गोल काढा. उतार कुठं मेला आहे ते कळतं. साधारण हिशोब असा: दर १० फुटांना किमान सव्वा इंच उतार पन्हाळाकडे हवा. गच्चीवरची अडगळही बाजूला करा. जुन्या खाटा, सरपण, फुटक्या कुंड्या, सगळं पाणी अडवतं. अडगळीखालची ओल आठ-आठ दिवस वाळत नाही.

टाकी आणि कूलर

नळाच्या दिवशी डाग वाढत असेल तर रात्री टाकी भरा, आतल्या पाण्याच्या पातळीला खूण करा, खाली जाणारा व्हॉल्व्ह बंद करा आणि सकाळी बघा. पातळी खाली गेली तर टाकी किंवा तिच्या तळाचा सांधा गळतोय. पातळी तिथंच राहिली तर टाकी चांगली आहे, दोष खालच्या पाइपात किंवा ओव्हरफ्लोत. टाकीच्या बुडाला कायम हिरवं शेवाळ दिसत असेल तर एवढीही तपासणी नको, सांधा बदला.

कूलरबद्दल थोडंसंच. गच्चीवर किंवा छज्ज्यावर ठेवलेल्या कूलरचं पाणी मार्च ते जून रोज एकाच जागी ठिबकतं. पावसाळ्याआधी डाग दिसतोय आणि वर कूलर आहे, तर आठ दिवस कूलर बंद ठेवून बघा.

वर बाथरूम असेल तर

पाऊस नाही, नळ नाही, तरी ओल रोज आहे आणि वर बाथरूम किंवा संडास आहे, तर संशय तिकडेच. वरचे लोक वेगळे असतील तर भांडायला जाऊ नका, एक दिवस मागा. "काकू, उद्याचा दिवस हे बाथरूम वापरू नका, आमचा डाग वाळतोय का बघायचंय" असं सांगितलं की बहुतेक माणसं ऐकतात. डाग फिका झाला तर दिशा कळली. मग खाण्याचा लाल रंग पाण्यात कालवून आधी फक्त फरशीवर, नहाणी ट्रॅपभोवती, म्हणजे पाणी जायच्या जाळीभोवती, ओता. दुसऱ्या दिवशी तसंच पाणी कमोडमध्ये टाका. खाली कुठल्या दिवशी रंग उतरतो त्यावरून फरशीचे सांधे की ड्रेनेजचा पाइप, हे ठरतं. रंग उतरायला एक-दोन दिवस लागतात, घाई करू नका. फरशीचे सांधे असतील तर खरवडून नव्याने ग्राउट, म्हणजे सांधे भरायचा मसाला, भरणं स्वस्त आहे. सगळी फरशी काढायचा सल्ला कुणी पहिल्याच दिवशी दिला तर आधी सांधे भरून महिनाभर बघा. पाण्याला मैल्याचा वास असेल तर मात्र प्लंबरच बोलवा.

कठडा, वाटा आणि भोकं

गच्चीचा मधला भाग बहुतेक वेळा धडधाकट असतो, पाणी शिरतं कडेने. कठडा आणि गच्ची मिळतात त्या कोपऱ्यात गवंडी गोलाकार गिलावा मारतात, त्याला वाटा म्हणतात. वाटा सुटला की कठड्यावरून येणारं पाणी थेट सांध्यात जातं. वाट्याच्या कडेने पत्र्याचा तुकडा किंवा चमच्याची दांडी फिरवा. आत शिरली तर तीच वाट.

कठड्यात पिंपळाचं रोप आलंय का ते बघा. पिंपळ तोडायला आपल्याकडे माणसाचा हात धजत नाही, ते मी समजू शकतो. मग वीतभर असतानाच मुळासकट अलगद काढा आणि मोकळ्या जागी लावा. दोन वर्षं थांबलात तर मूळ विटा फोडून आत जातं आणि वरून कापल्याने ते मरत नाही.

नवीन दुखणं म्हणजे भोकं. सौर पॅनल, सोलर हीटर, डिशची छत्री यांचे बोल्ट थेट गच्चीत मारतात आणि भोवती काही भरत नाहीत. पॅनल बसवल्यानंतरच गळती सुरू झाली असेल तर दुसरीकडे शोधूच नका. अजून बसवायचं असेल तर स्टँडचे पाय काँक्रीटच्या ठोकळ्यांवर घ्यायला सांगा, आणि स्लॅबला भोक पाडावंच लागलं तर ते बुजवण्याचं काम लेखी घ्या.

भेगा कशाने पडतात तेही समजून घ्या. काँक्रीट उन्हाने फुलतं. ३० फूट लांबीचा स्लॅब तापमानात ३० अंशांचा फरक पडला की जवळपास ३ मिलिमीटर लांबतो आणि परत आखडतो. मे महिन्याची दुपार आणि वळवाची सर यांत हे एका तासात घडतं. म्हणून भेगेत नुसतं सिमेंट थापलं की ते वर्षभरात बाजूने सुटतं. भेग व्ही आकारात खोदून, ब्रशने धूळ काढून, ताणलं जाणारं पॉलिमरचं सीलंट भरावं लागतं. त्यावर जाळी आणि कोटिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. गच्ची पूर्ण वाळलेली हवी, पण तापलेली नको, म्हणून काम सकाळी लवकर. पावसाळ्याच्या मध्यात, ओल्या स्लॅबवर कोटिंग मारून देतो म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा. आतली वाफ ते कोटिंग फुग्यासारखं उचलते. तोवर ताडपत्री टाका, तिने चार महिने निघतात.

अजून एक बाब आपल्या काळ्या मातीची. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, घराचा पाया तिच्यासोबत हलतो. भिंतीवरून छताकडे तिरकी गेलेली भेग उन्हाळ्यात उघडत आणि पावसाळ्यात मिटत असेल, तर तो पायाचा प्रश्न आहे. त्यावर वॉटरप्रूफिंग करणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

पाणी बांधून बघणं

काहीच सापडलं नाही तर शेवटी गच्चीवर पाणी बांधतात. पन्हाळ बंद करून, एकेक भाग मातीची पाळ घालून १ इंच पाण्याने भरतात आणि २४ ते ४८ तास खाली लक्ष ठेवतात. भाग एकेक घ्यायचा म्हणजे दोष कुठल्या भागात ते कळतं. टंचाईच्या दिवसांत हे करू नका, पाऊस ते काम फुकट करतो. आणि १०० चौरस फुटांवर १ इंच पाणी म्हणजे सव्वादोनशे किलोहून जास्त वजन. स्लॅब जुना असेल, वाकलेला दिसत असेल, सळई दिसत असेल, तर ही तपासणी करायचीच नाही.

ओझं चढवू नका

हे मी प्रत्येक घरी सांगतो. माझं गाव औसा तालुक्यातलं. आमचं घर धाब्याचं होतं. सागवानी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. आजोबा दर वैशाखात गळती थांबावी म्हणून जुन्या मातीवर नवी माती टाकत आणि चोपून बसवत. सगळं गाव तेच करायचं. माती दरवर्षी चढायची, उतरवायचं कुणी नाही. थर दोन-दोन फुटांवर गेले. १० बाय १२ च्या खोलीवर दोन फूट माती म्हणजे दहा टनांच्या वर वजन, आणि ते तोललेलं दगड-मातीच्या भिंतींवर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा त्या भिंती आणि ती माती झोपलेल्या माणसांवर आली. हजारो माणसं गेली.

म्हणून धाब्याचं घर असेल तर नवी माती टाकण्याआधी तेवढी जुनी उतरवा, गवत मुळासकट काढा, माती टाकताना खाली जाड प्लॅस्टिक अंथरा. आणि तुळईच्या भिंतीत गेलेल्या टोकाला खिळा टोचून बघा. खिळा लोण्यात गेल्यासारखा आत गेला तर त्या खोलीत झोपू नका.

स्लॅबच्या घरांतही तीच चूक वेगळ्या रूपात होते. जुना कोबा, म्हणजे गच्चीवरचा विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर, गळतोय म्हणून त्यावरच नवा कोबा. सरासरी ४ इंचांचा कोबा दर चौरस फुटाला साधारण १८ किलो भरतो, म्हणजे १,००० चौरस फुटांच्या गच्चीवर १८ टन. जुना काढल्याशिवाय नवा घालायचा नाही. टाक्यांचंही तेच. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, त्या टंचाईनंतर आमच्याकडे एका टाकीच्या तीन झाल्या. हजार लिटरची टाकी भरली की एक टन. ती खोलीच्या मध्यावर ठेवू नका, खाली भिंत किंवा बीम आहे तिथं ठेवा.

इथं थांबा

काठीने छत हलकेच ठोकून बघा, बाजूला उभं राहून. ठणठणीत आवाज आला तर ठीक. पोकळ आवाज आला तर गिलावा सुटलाय, गवंडी तो काढून नवा करू शकतो. पण पुढच्या खुणांत गवंडीही नको आणि माझ्यासारखा वॉटरप्रूफिंगवालाही नको, स्ट्रक्चरल इंजिनिअरच हवा.

सळई उघडी पडली असेल किंवा तांबूस पट्टे असतील. स्लॅबच्या सळईखाली जेमतेम २० मिलिमीटर काँक्रीट असतं, गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो आणि ते काँक्रीट आतून उखडतो. खालून गिलावा थापला की गंज झाकला जातो, थांबत नाही. स्लॅब मधोमध खाली आल्यासारखा वाटत असेल, दोन्ही भिंतींना दोरी ताणून धरली की कळतं. बीम किंवा कॉलमला भेग असेल. भेगेत एक रुपयाचं नाणं कडेने शिरत असेल, किंवा पेन्सिलच्या खुणेपुढे ती लांबत चालली असेल. काँक्रीटचा तुकडा एकदा जरी पडला असेल. यातलं काहीही असलं तर आधी खोली रिकामी करा, गच्चीवरची टाकी त्या भागावरून हलवा, आणि मग फोन करा. घर भाड्याचं असेल तर मालकाला लेखी कळवा, फोटोसह.

इंजिनिअर आले की त्यांना पेन्सिलच्या तारखा दाखवा, जुने फोटो दाखवा, वर किती वेळा कोबा किंवा कोटिंग झालंय ते सांगा. खालून पुट्टी-रंग देऊन काही झाकलेलं असेल तर तेही सांगा, आणि ती जागा त्यांच्यासमोरच खरवडून द्या.